हत्तीण वाचवली म्हणजे नेमकं काय वाचवलं?

गेल्या अंकात जुन्या घरांच्या पत्र्याच्या छपरांवर लिहिताना मी अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या लूसी नावाच्या हत्तिणीचा जाता जाता उल्लेख केला होता. लाकडाची, पत्र्याने मढवलेली, आत शिरता येईल एवढी मोठी हत्तीण. त्यावर आलेल्या पत्रांतले बरेच प्रश्न एकमेकांना धरून आहेत, म्हणून या वेळचं सदर तिलाच देते. घरातल्या ओलीबद्दल विचारलेल्यांना पुढच्या अंकात उत्तरं मिळतील.

माझी लेक एडिसनला असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा जावयांनी समुद्रावर नेलं. तिथे रस्त्याला लागूनच हा सहा मजली हत्ती! तिकीट काढून आत गेलो, पण माहिती सांगणारा मुलगा इतक्या भरभर बोलत होता की इमारत १८८१ सालची आहे एवढंच डोक्यात राहिलं. कोणी बांधली, कशासाठी बांधली? देवाधर्माचं तर तिथे काहीच दिसलं नाही. — निवृत्त शिक्षिका, मिरज

बाई, देवाधर्माचा संबंध नाहीच. ही हत्तीण प्लॉट विकण्यासाठी बांधली.

जेम्स लॅफर्टी हा फिलाडेल्फियाचा तरुण, तेव्हा वय पंचविशीचं. अटलांटिक सिटीच्या दक्षिणेला त्याने वाळूच्या टेकड्यांची आणि दलदलीची ओसाड जमीन घेतली होती. आज त्या गावाला मार्गेट म्हणतात, तेव्हा साउथ अटलांटिक सिटी म्हणत. तिथे यायला कोणाला काही कारणच नव्हतं. ते कारण लॅफर्टीने उभं केलं. विल्यम फ्री या वास्तुविशारदाकडून आराखडा करून घेतला, जे. मेसन कर्बी या कंत्राटदाराकडून बांधून घेतला, आणि ६५ फूट उंच, ६० फूट लांब, १८ फूट रुंद हत्ती समुद्राकडे तोंड करून उभा केला. वर्तमानपत्रवाले आले, मागोमाग माणसं आली. आलेल्या गिऱ्हाइकाला लॅफर्टी पाठीवरच्या अंबारीत घेऊन जायचा आणि तिथून हात करून दाखवायचा, हा तुमचा प्लॉट, तो समुद्र. सुरुवातीला या इमारतीचं नावच 'एलिफंट बझार' होतं.

माणूस धंद्याचा होता, पण त्याच्या डोक्यात नुसती जाहिरात नव्हती. ५ डिसेंबर १८८२ रोजी त्याने प्राण्याच्या आकाराच्या इमारतीचं पेटंट मिळवलं. पायांतून जिने, पोटात खोल्या, पाठीवर सज्जा. मी स्वतः वास्तुविशारद आहे, म्हणून सांगते, त्या पेटंटमधली कल्पना पक्क्या विचाराची आहे. चार पायांवर वजन उतरतं, सोंड जमिनीला टेकवली की पुढे झुकलेल्या डोक्याला आधार मिळतो, आणि जिना पायात घातला की पोटातली जागा मोकळी राहते. तुम्ही ज्या जिन्याने वर गेलात तो मागच्या पायातला. त्या वळणावर भिंतीला हात लावून बघितलात का? तिथे सरळ रेषा सापडत नाही. ही गोलाई आणायला लाकडाचे जवळजवळ १० लाख तुकडे, २०० पिंपं खिळे, ४ टन बोल्ट आणि लोखंडी सळया, आणि वरून १२,००० चौरस फूट पत्रा लागला, असं तिथे सांगतात. दहा लाख हा आकडा ऐकून माझ्या बरोबरच्या एका पाहुण्याने मान हलवली होती. मला मात्र तो पटतो. लांब फळी दोन्ही दिशांना वाकत नाही, पोटासारखा आकार करायचा तर छोटे छोटे तुकडेच जोडावे लागतात. आतला सांगाडा बघताना मला आपल्या कोकणातल्या उलट्या घातलेल्या होड्या आठवल्या, तशाच एकापुढे एक लावलेल्या बरगड्या आणि त्यांवर फळ्या.

लॅफर्टीने पुढे आणखी दोन हत्ती उभे केले. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरचा तर १२२ फुटांचा, म्हणजे लूसीच्या जवळजवळ दुप्पट. तो २७ सप्टेंबर १८९६ रोजी जळून गेला. केप मे इथला ४० फुटांचा होता, तो १९०० मध्ये पाडला. लॅफर्टीचा हिशेब शेवटी जमला नाही. १८८७ मध्ये त्याने मार्गेटचा हत्ती गर्टझेन नावाच्या कुटुंबाला विकला, आणि १८९८ मध्ये तो वारला.

गर्टझेन कुटुंबाने ती जवळजवळ ८३ वर्षं सांभाळली. लोकांना पैसे घेऊन वर चढू दिलं, आजूबाजूला प्रवाशांच्या राहण्याची सोय केली. लूसी हे नावही त्यांच्याच घरातल्या सुनेने दिलं असं मानतात. १९०२ च्या उन्हाळ्यात एक इंग्रज डॉक्टर आपल्या कुटुंबासह चक्क पोटात राहिला होता. पुढच्या वर्षी वादळात हत्तीण गुडघ्यांपर्यंत वाळूत रुतली, ती उकरून काढून समुद्रापासून मागे सरकवली. मधल्या काळात पोटात दारूचा गुत्ताही चालला, आणि तेलाचे दिवे कलंडून ती जळता जळता वाचली. मोठी जळाली, धाकटी पाडली गेली आणि ही राहिली, त्याचं कारण माझ्या मते हेच आहे की ती कायम कोणाच्या तरी पोटापाण्याशी बांधलेली होती. दारं रोज उघडत होती. रोज उघडणाऱ्या घरात पहिल्याच पावसाला कळतं की कुठे गळतंय.

लूसी हे बाईचं नाव, आणि तिला सुळे आहेत. आपल्याकडे हत्तिणीला असे सुळे नसतात. — इयत्ता सातवी, चिपळूण

शाब्बास! अगदी बरोबर पकडलंस. लूसीचं डोकं आणि कान आशियाई हत्तीच्या घडणीचे आहेत, आणि आशियाई हत्तींमध्ये बाहेर दिसणारे लांब सुळे फक्त नराला असतात. सगळ्या नरांनाही नसतात, बिनसुळ्याच्या नराला मकना म्हणतात. आफ्रिकेत मात्र नर-मादी दोघांनाही सुळे असतात. म्हणजे बांधणाऱ्याने नर बांधला आणि वीसेक वर्षांनी घरच्यांनी त्याला मुलीचं नाव दिलं. तेच रूढ झालं आणि आता तिथे सगळे तिला 'ती'च म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते. २००६ मध्ये तिच्यावर वीज पडली आणि सुळ्यांची टोकं काळवंडली, हेही तुझ्या वहीत लिहून ठेव.

मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. लूसीवरचा पत्रा अलीकडे बदलला आणि त्याला २४ लाख डॉलर लागले असं वाचलं. दोन शंका आहेत. इतक्या पैशात नवा पुतळा झाला नसता का? आणि कातडी नवी, अंबारी नवी, आत पोलादही घातलेलं, तर मग तिला १८८१ ची वास्तू कशाच्या बळावर म्हणायचं? — विद्यार्थी, पुणे

तुझी दुसरी शंका आधी घेते, कारण पहिलीचं उत्तर तिच्या पोटात आहे. आणि त्यासाठी १९७० पासून सुरुवात करावी लागेल.

त्या सुमारास गर्टझेन कुटुंबाने समुद्राकाठची जमीन बिल्डरांना विकली आणि हत्तीण गावाला देऊन टाकली. अट अशी की ३० दिवसांत हलवा, नाहीतर पाडायचा खर्च द्या. तेव्हा ती फार वाईट अवस्थेत होती, रंग उडालेला, पत्रा फाटलेला. एडविन कारपेंटर आणि गावातल्या काही लोकांनी संघटना उभी केली, तीच पुढे 'सेव्ह लूसी कमिटी' झाली. तिचं काम जोसेफिन हॅरन आणि सिल्व्हिया कारपेंटर या दोन बायकांनी पुढे चालवलं. पैसा कसा जमला, तर सगळ्यात जास्त दारोदार फिरून. आपल्याकडे वर्गणीची पुस्तकं घेऊन फिरतात ना, तेच काम.

पण पैसा उभा करण्याच्या आधी एक प्रश्न होता, तो तुझ्या विषयातला आहे. ही उचलली तर टिकेल का? तज्ज्ञांनी आत जाऊन सांगाडा तपासला आणि तो ठणठणीत निघाला. वरून जी चिंध्या झालेली दिसत होती तिची हाडं शाबूत होती. २० जुलै १९७० रोजी ९० टन वजनाची ही हत्तीण रस्त्यावरून सुमारे १०० यार्ड हलवली आणि गावाच्या मालकीच्या जागेवर उभी केली. त्यानंतर आतल्या लाकडाला पोलादी चौकटीचा जोड दिला, जुनी अंबारी कुजली होती म्हणून तिच्याबरहुकूम नवी केली, आणि १९७६ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

आता पत्रा. १८८१ मधला 'टिन' म्हणजे शुद्ध कथील नव्हे. लोखंडाचा पातळ पत्रा वितळलेल्या कथलात बुडवून काढलेला. आपण तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करतो ती याच कथलाची. कथील स्वतः सहसा गंजत नाही, म्हणून थर अखंड असेपर्यंत खालचं लोखंड सुरक्षित असतं. पण एक ओरखडा पडला, एक खिळा ठोकला, की तिथे लोखंड उघडं पडतं, आणि मग कथील उलटं वैऱ्यासारखं वागतं. कथील लोखंडापेक्षा कमी क्रियाशील आहे, म्हणून खारट ओल मिळाली की दोघांची छोटी बॅटरी तयार होते आणि तिच्यात लोखंड खर्ची पडतं. जस्ताचं याच्या बरोबर उलट. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर ओरखडा पडला तर आधी जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. या दोन पत्र्यांतला फरक तुमच्या वर्गात तक्त्यावर शिकवतात. मार्गेटला तो १२,००० चौरस फुटांवर बघायला मिळाला असता.

आणि लूसीवर ओरखडे किती? सपाट छपरावर मोठे पत्रे बसतात, कडा कमी येतात. हत्तीच्या पाठीवर, कानामागे, गुडघ्यावर पत्रा कापून, दुमडून, ठोकून बसवावा लागतो. प्रत्येक कापलेली कड म्हणजे उघडं लोखंड आणि प्रत्येक खिळा म्हणजे भोक. शिवाय समुद्र समोर. हवेतलं मीठ पत्र्यावर बसतं, ते हवेतली ओल ओढून घेतं, म्हणजे पाऊस नसतानाही पत्रा ओलाच राहतो. आतून वेगळीच तऱ्हा. थंडीत पत्रा गार पडतो, आतली दमट हवा त्याच्या आतल्या बाजूला लागून पाणी धरते, आणि ते पाणी लाकडावर उतरतं. वरून रंगाचे हात दिले की हे सगळं झाकलं जातं. बाहेरून करडी, चकचकीत हत्तीण आणि आत पत्रा कागदासारखा झालेला. मी आपल्याकडे वाईला आणि सासवडला छपरांवर हेच पाहिलं आहे. दर दोन वर्षांनी रंग लावणारे मालक मनापासून घराची काळजी घेत असतात, पण रंगाखाली काय चाललंय ते कोणी त्यांना दाखवलेलं नसतं. म्हणून मी रंगाऱ्याच्या आधी सुतार आणि पत्रेवाला बोलवा असं सांगत राहते.

२०२१ मधल्या तपासणीत दिसलं की निम्म्याहून जास्त पत्रा दुरुस्तीच्या पलीकडे गेला आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये ती बंद केली, परांची बांधून झाकून घेतली, आणि ठिगळं लावत न बसता सगळी कातडी बदलली. काम हाती घेतल्यावर खर्च मूळ अंदाजाच्या पुष्कळ पुढे गेला. यात मला नवल वाटत नाही. जुनी इमारत उघडेपर्यंत तिचं पूर्ण बिल कोणालाच काढता येत नाही. २८ डिसेंबर २०२२ रोजी ती पुन्हा खुली झाली.

तर तुझी शंका. कातडी ही या वास्तूत पहिल्या दिवसापासून झिजायलाच लावलेली गोष्ट होती. ती लाकडाचं संरक्षण करते आणि त्यात स्वतः संपते. कौलारू घराची कौलं बदलली म्हणून घर नवं होत नाही, हे तुला पटेल. लूसीचा १८८१ चा ऐवज तिच्या लाकडात आहे. बरगड्यांची मांडणी, जोड, कर्बीच्या सुतारांनी हातांनी बसवलेले तुकडे. फ्रीच्या कागदावरचा हत्ती त्यांनी प्रत्यक्ष कसा वळवला, हे फक्त त्या लाकडात वाचता येतं. १९७० मधलं पोलाद जोडीला आहे, पण त्याने लाकूड हद्दपार केलं नाही. आणि पोलाद पोलादासारखंच दिसतं, त्याला लाकडाचं सोंग दिलेलं नाही, याबद्दल मला त्या लोकांचा आदर वाटतो.

अंबारीचं मी वेगळं धरते. ती प्रतिकृती आहे आणि तिला प्रतिकृतीच म्हणायला हवं. तरीही ती हवीच होती. अंबारीशिवाय लूसी का बांधली हेच कळत नाही, कारण सगळा धंदा त्या अंबारीतून चालला होता. तिच्या तळात हिरव्या काचेचा एक गोळा बसवलेला आहे, त्यातून खाली पोटात उजेड उतरतो. कधी गेलास तर मान वर करून तो बघ.

आता पहिली शंका. हो, तेवढ्या पैशात ६५ फुटांचा नवा हत्ती सहज उभा राहिला असता. फायबरचा, हलका, पाच-सहा महिन्यांत. पण मग १४० वर्षांपूर्वी गोल आकाराची इमारत लाकडात कशी उभारत, हे दाखवणारा नमुना गेला असता. लॅफर्टीच्या तिघींपैकी दोघी आधीच गेल्यात. माझ्या हातात तो निर्णय असता तर मी एक क्षणही विचार केला नसता.

शेवटचं एक. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाने न्यू जर्सीचा किनारा उद्ध्वस्त केला. लूसीच्या पायाच्या बोटांपर्यंत पाणी आलं, हत्तिणीला फारसं काही झालं नाही. १९७० मध्ये ती मागे घेतली होती आणि सांगाडा बळकट केला होता, म्हणून. चांगल्या दुरुस्तीचा गुण असा बेचाळीस वर्षांनी कळतो, म्हणूनच तिच्यासाठी पैसे मागणं इतकं अवघड जातं.

अमेरिकेतल्या पत्र्याच्या हत्तीचं कौतुक ठीक आहे, पण आपल्या मातीतला असा एखादा हत्ती आहे का? — लालबाग, मुंबई

आहे, आणि तुमच्या घरापासून चालत जाण्यासारखा आहे. राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर काळ्या दगडाचा एक हत्ती उभा आहे. तो घारापुरीचा. बेटाच्या बंदरावर उतरलं की समोर दिसायचा, आणि त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलेफंटा म्हटलं. वाटेवरचा भव्य पुतळा, ज्याच्यामुळे जागेची ओळख ठरली. लॅफर्टीला जे हवं होतं ते या हत्तीने कितीतरी आधी करून दाखवलं होतं.

त्याची कथा मात्र दुःखाची आहे. १८१४ मध्ये डोकं आणि मान तुटून पडली, नंतर धडही कोसळलं. इंग्रजांनी तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला, आणि उचलताना तो आणखी फुटला असं सांगतात. १८६४ मध्ये तुकडे मुंबईत, तेव्हाच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये आणले. तिथे ते जवळजवळ अर्धं शतक तसेच पडून होते. १९१४ मध्ये कॅडेल आणि ह्युएट यांनी ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला.

लूसी ९० टनांची असून रस्त्यावरून सुखरूप गेली आणि हा उचलताना मोडला, यात नशिबाचा भाग नाही. दगडावर कितीही दाब द्या, तो सोसतो. पण त्याला ताण सोसत नाही. चार पायांवर उभा असताना दगडी हत्तीच्या अंगात मुख्यतः दाब असतो. साखळी घालून मधोमध उचलला की तेच अंग दोन्हीकडे लोंबकळतं, पाठीत ताण येतो, आणि आधीची चीर असेल तिथे तो दुभंगतो. लाकूड आणि खिळे मात्र थोडं वाकतात, कुरकुरतात आणि पुन्हा जागेवर येतात. म्हणून दगडी मूर्ती हलवायची असेल तर तिच्या खाली संपूर्ण आधार द्यावा लागतो, वरून टांगायची नसते. आजही गावोगाव जेसीबीच्या बकेटला दोर बांधून वीरगळ आणि नंदी हलवतात. हे वाचणाऱ्या सरपंचांना माझी हात जोडून विनंती आहे की असं करू देऊ नका. खाली जाड फळ्या, फळ्यांखाली गोल ओंडके, आणि ओढायला माणसं. वेळ लागेल, पण नंदी अख्खा पोचेल.

राणीच्या बागेतल्या हत्तीकडे जाल तेव्हा मागचं संग्रहालयही सावकाश बघा. १८७२ ची ती इमारत २००३ ते २००८ या काळात दुरुस्त केली, आणि त्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा पुरस्कार मिळाला. लोक आत जातात आणि येता-जाता हत्तीपाशी फोटो काढतात. जोडाच्या रेषा बघणारे थोडे. त्या रेषा लपवलेल्या नाहीत. मला त्या लपवायच्याही नाहीत, कारण त्याच्यावर काय बेतलं ते त्याच सांगतात.

सातारा-कऱ्हाड रस्त्यावर आमचं हॉटेल आहे. वडिलांनी १५ वर्षांपूर्वी दारात फायबरचा हत्ती उभा केला, साधारण १४ फूट. गाडीवाले 'हत्तीवालं हॉटेल' म्हणूनच ओळखतात. आता तो पांढुरका पडला आहे, हात लावला की भुकटी लागते, कानाजवळ तडे आहेत. पेंटर म्हणतो ऑइलपेंटचे दोन हात मारू. मारू का? — हॉटेलमालक, कऱ्हाड तालुका

पेंटरला आठवडाभर थांबवा. वडिलांनी केलेलं आहे आणि त्यावर हॉटेलचं नाव उभं आहे, म्हणून नीट लिहिते.

फायबरच्या मूर्तीत वरचा रंगीत थर जेलकोटचा असतो, त्याच्याखाली काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन. उन्हातल्या अतिनील किरणांनी जेलकोटचं रेझिन तुटतं आणि रंगद्रव्य मोकळं होतं. हाताला लागते ती हीच भुकटी. तिच्यावर ऑइलपेंट मारला तर तो भुकटीला चिकटेल, हत्तीला नाही. पुढच्या उन्हाळ्यात सोलटून येईल. भुकटीनंतरची पायरी म्हणजे काचेचे धागे उघडे पडणं. हात फिरवल्यावर खाज सुटत असेल तर ते सुरू झालं आहे असं समजा.

अमेरिकेत १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्याने फायबरचे असे शेकडो राक्षसी पुतळे रस्त्याकाठच्या हॉटेलांना आणि गॅरेजांना विकले. त्यातलाच एक, हिरव्या कपड्यातला, हातात रॉकेट धरलेला अवकाशवीर, १९६५ पासून इलिनॉयमधल्या विल्मिंग्टन गावी एका खाणावळीबाहेर उभा होता. खाणावळ बंद पडली, २०२४ मध्ये पुतळ्याचा लिलाव झाला, आणि जवळच्या जोलिएट गावच्या संग्रहालयाने तो २ लाख ७५ हजार डॉलरला घेऊन, दुरुस्त करून विल्मिंग्टनमध्येच उभा केला. तुमचा हत्ती तुम्ही दारातच दुरुस्त करू शकता, ही फार चांगली गोष्ट आहे.

आधी पोट बघा. मागच्या बाजूला किंवा पोटाखाली झाकण असेल ते उघडा, नसेल तर फायबरचं काम करणाऱ्याकडून हातभर चौकोन कापून घ्या, नंतर तो बुजवता येतो. आत टॉर्च मारून लोखंडी पाइपाचा सांगाडा बघा. कानाजवळचे तडे उन्हाने गेलेत की आतला पाइप गंजून फुगल्याने, हे तिथेच कळेल. गंज असेल तर तो भाग कापून नवा वेल्ड करा, रेडऑक्साइडवर न थांबता झिंक प्रायमर द्या. पायांत पाणी साचलेलं असण्याची शक्यता मला फार वाटते. चारही पायांच्या तळाशी बोटभर निचऱ्याची भोकं पाडून घ्या, आणि त्यांत मुंग्या-उंदीर जाऊ नयेत म्हणून जाळी लावा.

मग बाहेरचं काम. साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, भुकटी जाऊन कडक थर लागेपर्यंत घासायचं. घासणाऱ्याने मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायलाच हवा, ही धूळ फुफ्फुसाला वाईट. तडे नुसत्या पुट्टीने भरू देऊ नका. तडा व्ही आकारात उघडून, शक्य तिथे आतून मॅट आणि रेझिनचे दोन-तीन थर द्या, मग बाहेरून. त्यावर प्रायमर, आणि शेवटी ट्रकच्या बॉडीला मारतात तो पीयू (पॉलियुरेथेन) रंग. ऑइलपेंटपेक्षा महाग पडेल, पण उन्हात कितीतरी जास्त टिकेल.

रेझिन दमट हवेत नीट घट्ट होत नाही, म्हणून हे काम दिवाळीनंतर काढा. तोपर्यंत कानांवर प्लास्टिक बांधून ठेवा. एक मात्र आजच करा. पाय ज्या बोल्टांनी चौथऱ्याला धरलेले आहेत ते घासून बघा. वळवाच्या वाऱ्यात १४ फुटांचा पोकळ हत्ती शिडासारखा वारा धरतो आणि खाली तुमची पार्किंगची जागा आहे. बोल्ट निम्मे झिजलेले दिसले तर दिवाळीची वाट न बघता आधी तेवढं करून घ्या आणि तोवर गाड्या दुसऱ्या बाजूला लावायला सांगा. हत्तीचा पूर्ण फोटो मिळाला, वडिलांची निवड छान आहे. आता बोल्टांचे आणि पोटाच्या आतले फोटो पाठवा, म्हणजे सांगाड्याचं कितपत काम निघेल ते सांगते.